औषधाची चूक आणि रुग्णाचा हक्क

आमचे गाव कौंडण्यपूर. वर्धा नदीच्या काठावरचे, तिवसा तालुक्यातले. गावाचे नाव सांगितले की ऐकणारा लगेच म्हणतो, "म्हणजे रुक्मिणीचं माहेर!" रुक्मिणीने श्रीकृष्णाला पत्र धाडले ते येथूनच, अशी कथा आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. एका पत्राने राजकन्येचे भाग्य बदलले अशी ज्या गावाची ख्याती, त्याच गावात आमच्या घरी एक कागद हरवला आणि त्याबरोबर न्याय मागण्याचा मार्गही हरवला. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या हरवलेल्या कागदात आहे.

माझ्या आजीला सांधेवाताचा जुना त्रास. गुडघे सुजत, बोटे वाकडी होऊ लागली होती. एका दवाखान्यात तिला नवीन गोळी लिहून दिली. वडिलांनी औषधाच्या दुकानातून पट्टी आणली आणि आजी नेमाने रोज एक गोळी घेऊ लागली. आठवडा उलटला तसे तिचे तोंड आतून सोलले गेले, भाकरीचा घास गिळवेना, ताप चढला. अमरावतीला नेले तेव्हा रक्तातील पेशी धोक्याच्या पातळीखाली गेल्या होत्या. तेथील डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि विचारले, "ही रोज घेता?" ती मेथोट्रेक्सेटची गोळी होती. सांधेवातात ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. रोज घेतली तर ती अस्थिमज्जेवर घाला घालते आणि माणूस दगावूही शकतो. ही चूक जगभर होत आली आहे, हे मला पुष्कळ नंतर वाचनातून कळले.

आजी वाचली. मात्र महिनाभर अंथरुणाला खिळली आणि सोयाबीनचे सगळे पैसे दवाखान्यात गेले. चूक कोणाची झाली? डॉक्टरांनी 'आठवड्यातून एकदा' असे लिहिले होते काय? औषध देणाऱ्याने वाचताना चूक केली काय? की सांगितलेले आम्हीच नीट ऐकले नाही? याचे उत्तर त्या चिठ्ठीत होते. आणि चिठ्ठी तर वडिलांनी, "गोळ्या आणल्या, आता कागदाचं काय काम?" म्हणून केव्हाच टाकून दिली होती. आजीला विचारले तर ती म्हणे, "मले का समजते बाप्पा! देल्ली तशी घेतली." या एका वाक्यात आपल्या समाजातील बहुसंख्य रुग्णांची स्थिती आली आहे, असे मला वाटते.

चूक कोठे कोठे होते?

औषध डॉक्टरच्या मनातून निघून रुग्णाच्या पोटात जाईपर्यंत अनेक हातांतून जाते. लिहिणारा हात, वाचणारा हात, मोजून देणारा हात, टोचणारा हात आणि शेवटी घेणाऱ्याचा स्वतःचा हात. यांपैकी कोठेही घसरण होऊ शकते. जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञाने भोके असलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा दिली आहे. आपण तिला एकामागे एक धरलेल्या चाळण्यांची म्हणू. एका चाळणीतून निसटलेली चूक पुढची चाळणी अडवते. सर्व चाळण्यांची भोके एका रेषेत आली की मात्र अनर्थ होतो. आमच्या घरी नेमके तेच घडले. एकानेही "आठवड्याची की रोजची?" एवढे विचारले असते तरी पुरे होते.

आपल्याच अमरावती विभागातील उदाहरण घ्या. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील कापसीकोपरी गावी, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, पाच वर्षांखालील १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सर्व बालके बरी झाली आणि कर्मचाऱ्यांवर कारवाईही झाली. कोरोनाच्या त्या काळात प्रत्येक टेबलावर सॅनिटायझरची बाटली होती. थेंब टाकण्यापूर्वी बाटलीवरचे नाव वाचण्याची एक सवय सुटली आणि १२ आयांच्या काळजाचे पाणी झाले.

चुकीची बाटली हाती येणे हा एक प्रकार. लिहिलेले एक आणि टोचलेले दुसरे, हा त्याहून भयंकर प्रकार. डिसेंबर १९९३ मध्ये दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयात विषमज्वर झालेल्या एका बालकाला दाखल केले होते. डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल लिहिले असता परिचारिकेने क्लोरोक्विनची सुई शिरेतून दिली. मुलाचे हृदय थांबले. ते पुन्हा चालू झाले, पण मेंदूला झालेली इजा कायमची राहिली. नावांतील सारखेपणा पाहा: क्लोरॅम्फेनिकॉल, क्लोरोक्विन. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये या प्रकरणी मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना त्यांच्या मनस्तापाबद्दल पाच लाख रुपये भरपाई कायम केली. रुग्णाच्या वतीने पैसे मोजणारे आईबापसुद्धा 'ग्राहक' आहेत, हे त्या निकालाने स्पष्ट झाले.

तिसरा प्रकार औषधच सदोष असण्याचा. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली आणि औषधखरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि थेट मंत्र्यांपर्यंत सगळ्यांवर कडक ताशेरे ओढले. याच विषाने १९३७ मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले होते आणि त्यातून तेथे औषधांचा नवा कायदा जन्मला होता. आपण मात्र ठेच लागूनही शहाणे झालो नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. यांतील अनेक मुले उपचारासाठी नागपूरला आणली होती. त्या औषधातही तेच डायइथिलिन ग्लायकॉल सापडले. पुढच्याला ठेच, मागचा शहाणा असे आपण म्हणतो, पण येथे जवळजवळ चाळीस वर्षांनी पुन्हा त्याच दगडाला ठेच लागली.

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेच्या वैद्यकीय संस्थेने १९९९ मध्ये 'माणूस चुकतोच' अशा आशयाच्या नावाचा अहवाल काढला, तेव्हा तेथील रुग्णालयांत चुकांमुळे दरवर्षी ४४ ते ९८ हजार माणसे मरतात असा अंदाज देऊन जगाला हादरविले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधजन्य हानी कमी करण्याची मोहीम सुरू केली. औषधांच्या चुकांपायी जगाला वर्षाला ४२ अब्ज डॉलर्सची झळ बसते, असा तिचा अंदाज आहे.

कायदा काय म्हणतो?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रुग्ण बरा झाला नाही म्हणजे डॉक्टरने हयगय केली असे कायदा मानीत नाही. प्रत्येक औषधाला दुष्परिणाम असतात आणि प्रत्येक आजाराला उतार पडतोच असे नाही. कायदा चार गोष्टी विचारतो. डॉक्टरवर रुग्णाची जबाबदारी होती काय? ती पाळण्यात कसूर झाली काय? रुग्णाची हानी झाली काय? आणि ती हानी त्या कसुरीमुळेच झाली काय? चारही प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल तरच भरपाईचा हक्क निर्माण होतो.

ही जबाबदारी कोणती, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते एका मराठी घरातील दुःखाच्या निमित्ताने. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाचा पाय मोडला. त्याला पुण्याला आणले. डॉक्टरांनी मॉर्फियाच्या दोन सुया सांगितल्या होत्या, पण एकच दिली गेली आणि भूल न देता पाय जोराने ओढून हाड बसविण्याचा प्रयत्न झाला. तरुण दगावला. 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' या नावाने हा खटला विधिशाखेचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. १९६८ मध्ये निकाल देताना न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे काळजीपूर्वक ठरविणे, कोणता उपचार द्यावा हे काळजीपूर्वक ठरविणे आणि तो उपचार काळजीपूर्वक देणे. औषधाच्या चुकांचा सारा विचार यांतील दुसऱ्या व तिसऱ्या कर्तव्यात सामावतो. भरपाई मिळाली ३,००० रुपये, आणि ती मिळायला लागली १५ वर्षे.

सरकारी रुग्णालयाचे काय? १९६३ मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सिव्हिल हॉस्पिटलात बाळंतपणानंतरच्या शस्त्रक्रियेत एका महिलेच्या पोटात कापडी टॉवेल राहून गेला आणि ती मरण पावली. नेमका दोष कोणत्या डॉक्टरचा, हे सिद्ध होत नाही असे म्हणून शासन हात झटकू पाहत होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कर्मचाऱ्यांच्या कसुरीला शासन जबाबदार आहे. पोटात टॉवेल सापडतो तेव्हा घटना स्वतःच बोलते. तोवर ३३ वर्षे लोटली होती आणि भरपाई होती ३६,००० रुपये. पिढी सरली, तेव्हा न्याय दारी आला.

ही दिरंगाई टाळण्याची वाट ग्राहक संरक्षण कायद्याने उघडली. हा कायदा १९८६ चा. डॉक्टरची सेवा त्यात येते की नाही यावर मोठा वाद झाला आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या निकालाने ती येते असे ठरले. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती सेवा मात्र त्यातून वगळली. तरी जे रुग्णालय काहींकडून पैसे घेते आणि काहींना मोफत पाहते, तेथील मोफत रुग्णालाही दाद मागता येते. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्याच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा शब्द नाही म्हणून पुन्हा शंका काढण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती शंका फेटाळली.

त्याच काळातील मुंबईचा आणखी एक निकाल आपण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुलै १९९२ मध्ये ताप आलेल्या एका गृहस्थावर होमिओपॅथीची पदविका घेतलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे चालविली. आधी विषाणूजन्य ताप म्हणून आणि मग, तपासण्या न करताच, विषमज्वर म्हणून. गृहस्थ दगावले. 'पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल' या १९९६ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की ज्या पद्धतीचे शिक्षण नाही त्या पद्धतीची औषधे देणे हीच हयगय होय, वेगळा पुरावा लागत नाही. तीन लाखांची भरपाई आणि खर्च मंजूर झाला. खेड्यापाड्यांत 'सुई लावून देणारा' तो डॉक्टर, असे समजणाऱ्या आपल्या समाजाने हा निकाल चावडीवर वाचून दाखवावा असा आहे.

भरपाईची रक्कमही बदलत गेली. १९९८ मध्ये कोलकात्यात एका महिलेला दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या स्टिरॉइडची ८० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा देण्यात आली. पुढे त्या मुंबईत वारल्या. त्यांचे पती स्वतः डॉक्टर होते आणि पंधरा वर्षे लढले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपये व त्यावर व्याज देवविले. वाचकहो, मनात प्रश्न येतो: पती डॉक्टर नसता, कौंडण्यपूरचा कोरडवाहू शेतकरी असता, तर हा लढा उभा राहिला असता काय?

दाद कोठे मागावी?

त्यासाठीच पुढील माहिती आहे. पहिली वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार येथे दाखल होते आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर काहीच शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. नव्या कायद्याने आणखी एक मोठी सोय केली: तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात तक्रार करता येते. म्हणजे उपचार नागपूरला झाले असले तरी तिवसा तालुक्यातील माणूस अमरावतीला दाद मागू शकतो. मुदत मात्र घटनेपासून दोन वर्षांची. त्यानंतर उशिराचे सबळ कारण द्यावे लागते.

दुसरी वाट महाराष्ट्र वैद्यक परिषदेची. ती भरपाई देत नाही, पण डॉक्टरला ताकीद देऊ शकते, नोंदवहीतून नाव काढू शकते. तिसरी वाट फौजदारी. भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने नोंदणीकृत डॉक्टरच्या हयगयीने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. परंतु २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार येथे हयगय ढोबळ व गंभीर असावी लागते आणि कारवाईपूर्वी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचे मत घ्यावे लागते. हे योग्यच आहे. प्रत्येक चुकीला तुरुंग दाखविला तर अवघड रुग्णाला हात लावायला डॉक्टर धजणार नाही. चौथी वाट दिवाणी न्यायालयाची, विशेषतः मोफत सरकारी सेवेच्या बाबतीत. औषधच खराब वाटले तर अन्न व औषध प्रशासनाकडे जावे आणि उरलेले औषध जपून ठेवावे.

"वकिलाला पैसे कोठून आणावे?" हा प्रश्न खराच. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्नाची माणसे यांना मोफत वकील मिळतो. स्त्रीला उत्पन्नाची अटही नाही. म्हणजे माझ्या आजीला तो हक्क होता. जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरण आणि तालुक्याला विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी माहिती मिळते.

सगळ्यांत मोलाची गोष्ट कागदांची. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरने तीन वर्षे जपावी लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात. ती मागणे म्हणजे डॉक्टरचा अपमान नव्हे. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये रुग्णाचा हा अधिकार मान्य केला आहे. औषधाचे नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असेही हे नियम सांगतात. चिठ्ठी, औषधाची पट्टी, त्यावरील बॅच क्रमांक आणि दुकानाचे बिल एवढे चार कागद खुंटीच्या पिशवीत राहिले, तर पुढचे पुष्कळ काही सोपे होते.

आपण काय करावे?

या लेखाने कोणी डॉक्टरांवर काठ्या घेऊन धावावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. दवाखान्याची काच फुटली म्हणून कोणाची आजी बरी होत नाही. प्राथमिक केंद्रातील एका परिचारिकेवर किती गावांचा भार असतो, हे आपण पाहतो. रात्रपाळीने दमलेला हात चुकतो तेव्हा दोष त्या हाताइतकाच त्याला दमविणाऱ्या व्यवस्थेचाही असतो. चूक लपविली की ती पुन्हा होते. उघड सांगितली तर पुढची टळते. कायद्याचा धाक आणि चूक कबूल करण्याचे धैर्य, दोन्ही हवेत.

आणि आपण विद्यार्थी? आपल्यापैकी अनेकांच्या घरी इंग्रजी वाचू शकणारे पहिले माणूस आपणच आहोत. सुट्टीत गावी गेल्यावर शेजारच्या म्हाताऱ्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या एकदा तपासून पाहता येतील. डॉक्टरला तीन प्रश्न विचारायला शिकवता येईल: हे कशासाठी, किती वेळा, किती दिवस? आठवड्याच्या गोळीच्या पाकिटावर वाराचे नाव मराठीत लिहून देता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ता झाडण्याबरोबर हेही काम घ्यावे, अशी प्राध्यापक मंडळींना माझी नम्र सूचना आहे.

आमच्या आजीची तक्रार कधी झाली नाही. दोन वर्षांची मुदत आम्हाला कळली तेव्हा तीन वर्षे होऊन गेली होती आणि चिठ्ठी तर नव्हतीच. वडील आजही म्हणतात, "वाचली हेच नशीब." त्यांचे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. आता मी आजीच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत 'रविवार' असे लिहून ठेवले आहे. तिला अक्षरओळख नाही. म्हणून दर रविवारी सकाळी ती पट्टी घेऊन ओसरीवर येते आणि शाळेत जाणाऱ्या माझ्या लहान बहिणीला विचारते, "पाह्य वं, आज हेच लिवलं हाय ना?" बहीण वाचून दाखवते, मग आजी गोळी घेते. डॉक्टरची चिठ्ठी देवघराच्या कोनाड्यात, रुक्मिणीच्या तसबिरीमागे जपून ठेवलेली असते.